तुटण्याची हमी

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती किलो उचलतो? रिळावर आकडा छापलेला असतोच. दहा, पंधरा, एखाद्या भडक डबीवर तर थेट चाळीस. गिऱ्हाईक आपल्या मनातला मासा त्या आकड्याशी ताडून पाहतं, वर थोडं जास्तीचं धरतं आणि गरजेपेक्षा दुप्पट जाड दोरा घेऊन खूश होऊन घरी जातं. मला हा प्रश्नच पटत नाही. पाण्यातला मासा कुणी उचलत नसतं. त्याचं वजन पाणीच पेलत असतं. दोऱ्यावर येतो तो त्याच्या पळण्याचा जोर, आणि तो जोर आपण कसा देतो-घेतो यावर सगळा खेळ. पाच किलोच्या दोऱ्यावर आठ किलोचा मासा काठाला आणणारी माणसं आहेत आणि पंचवीस किलोच्या दोऱ्यावर अर्ध्या किलोची तांबोशी घालवणारीही आहेत.

दोरा घेताना विचारायचं ते असं : हा तुटेल तेव्हा नेमका कुठे तुटेल?

तुटणार हे धरूनच चालायचं. खडपाच्या कडेला, खारफुटीच्या मुळांत, भरतीच्या ओढीत कधीतरी काहीतरी अडकणारच. ते कुठे सुटावं एवढंच आपल्या हातात असतं, आणि तेही गळ पाण्यात पडायच्या आधी, काठावर बसून गाठी मारताना.

मालवणच्या बाजूला या नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस म्हणतात. मण्यांच्या माळा ओवणारेही तोच घेतात. दुकानात तो मिलिमीटरमध्ये मिळतो. रिळावर ०.४० लिहिलेलं असतं, बोलताना त्याला 'चाळीस' म्हणायचं. वीसचा तंगूस, पस्तीसचा तंगूस. किलोपेक्षा हा आकडा भरवशाचा, कारण जाडी मोजता येते. किलोचा आकडा छापायला फक्त शाई लागते. इथे एक साधं गणित ध्यानात ठेवण्यासारखं आहे. वीसच्या जागी चाळीस घेतला की जाडी दुप्पट होते, पण कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि ताकद साधारण त्याच हिशेबाने वाढते. म्हणजे किंचित जाड घेतला तरी पुष्कळ काही मिळतं. मग नेहमी जाडच का घेऊ नये?

याचं उत्तर देवबागला मिळतं. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये माडांची, वाळूची निमुळती पट्टी. चहा पिऊन निघालं तर कप थंड व्हायच्या आत माणूस एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर पोचतो. गळ टाकणारा हात तोच, आमिषाची कोळंबी तीच. तंगूस मात्र तोच ठेवून चालत नाही.

समुद्राच्या बाजूला पायाचे घोटे भिजतील इतक्या पाण्यात मुडदुशी चरत असते. लांबट, वाळूच्या रंगाची, तोंड एवढंसं. लाट फुटली की वाळू उकरली जाते, त्यात कृमी-किडे वर येतात, त्यांच्यामागे ही येते. ती आमिष ओढत नाही, चोखते. बोटावरून जाणारा दोरा किंचित थरथरतो, तेवढंच. वीस-पंचविसाच्या तंगुसावर हा थरथराट कळतो. पन्नासच्या तंगुसावर लाटेचं धडधडणंच एवढं ऐकू येतं की मुडदुशी आमिष संपवून, तोंड पुसून निघून गेली तरी पत्ता लागत नाही. पाणी दोऱ्याला ढकलतं ते त्याच्या जाडीच्या प्रमाणात. दोरा जाड झाला की प्रवाहात त्याला पोट येतं, म्हणजे तो कमानीसारखा वाकतो. ती कमान सरळ करायला शिसं वाढवावं लागतं. शिसं वाढवलं की जड शिशापुढे माशाचा हलका स्पर्श हरवतो. मग माणूस म्हणतो, आज मासा लागत नाही. मासा लागत असतो. निरोप पोचत नसतो.

आमच्या वाडीत एक आबा होते. त्यांनी आयुष्यभर हातानेच गरवलं, म्हणजे गळाने मासे धरले. काठी आणि रीळ ही त्यांच्या मते शहरातल्या लोकांची हौस. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला सायकलच्या ट्यूबची कापलेली रबरी पट्टी, डाव्या बाजूला लाकडी फळीला गुंडाळलेला तंगूस. मी जाड तंगूस घेऊन गेलो की ते बोटांत फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "जाडो घेतलंस तर तुटाचो नाय खरो, पण मासो लागाचो पण नाय." यापुढे त्यांनी या विषयावर मला काही शिकवल्याचं आठवत नाही. पुढचं सगळं ते हाताने करायचे आणि मी बघायचो.

ते शिसं कसं बांधतात हे मी बघायचो. खडपावर शिसं अडकतं, हा ठरलेला त्रास. खडकांच्या फटी, कालवांच्या धारदार कडा, त्यात शिसं एकदा घुसलं की बाहेर येत नाही. नवखा माणूस जोर लावतो आणि दोरा वरून, हाताजवळून तुटतो. शिसं जातं, गळ जातो, पन्नास वाव (दोन्ही हात पसरले की एक वाव) तंगूस जातो आणि गळाला लागलेला मासा असेल तर तोही तिथेच जखडून मरतो. आबा शिसं मुख्य तंगुसाला कधीच बांधत नसत. मध्ये वीतभर कच्चा सुती दोरा घालायचे, हाताने झटका दिला तर तुटेल असा. अडकलं की फक्त शिसं जाणार. गळ आणि मासा परत येणार. शिसंही बहुतेक वेळा शिसं नसायचंच. गॅरेजमध्ये टाकून दिलेले स्पार्क प्लग ते पिशवीभर आणायचे. फुकटात मिळालेली गोष्ट समुद्राला देताना जीव तुटत नाही, हा त्यातला व्यवहार.

त्या कच्च्या दोऱ्यात मला दोरा निवडण्याची सगळी विद्या दिसते. सगळ्यात मजबूत दोरा आणून भागत नाही. त्यात एक दुबळी जागा मुद्दाम ठेवावी लागते, आणि ती कुठे ठेवायची हे माणसाने ठरवायचं असतं, खडपाने नव्हे.

खाडीच्या बाजूला हिशेब वेगळा. तिथे पाणी शांत, गढूळ, कडेला खारफुटी. काळुंदर मासा तिथे मुळांभोवती शेवाळ कुरतडत फिरतो. त्याचं तोंड लहान. बारीक गळ, बारीक तंगूस आणि पाण्यावर हलकं बूच हवं. पण त्याच मुळांखाली तांबोशी बसलेली असते आणि ती काळुंदराच्या बरोबर उलट स्वभावाची. घराच्या दारात उभी राहते, आमिष दिसलं की झडप घालते आणि घास तोंडात घेऊन त्याच क्षणी घराकडे वळते. तिचं घर म्हणजे कालवं चिकटलेली मुळं. पहिल्या दोन-तीन हातांतच काय तो निकाल लागतो. इथे दोरा देऊन मासा दमवायचा वगैरे पुस्तकी शहाणपण कामाचं नाही. तिला इंचभर दिलं तरी ती मुळाला वळसा घालते. म्हणून तांबोशीला पन्नास-साठचा तंगूस, हात घट्ट, आणि कच्च्या दोऱ्याची जागा फक्त शिशापाशी. मोठी तांबोशी हुशार असते, जाड दोरा बघून येत नाही, असं म्हणणारे भेटतात. गढूळ खाडीत, तिन्हीसांजेला, अंगावर आलेलं कोळंबीचं आमिष बघताना तिने दोऱ्याची जाडी मोजली असेल असं मला वाटत नाही.

मग चोणक. पेण-अलिबागकडे याला जिताडा म्हणतात आणि तिकडे त्याचा मान असा की खारजमिनीतल्या तळ्यांत तो सोडून, वाढवून, पाहुण्यासाठी राखून ठेवतात. हा मासा दाताने दोरा तोडत नाही. त्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणांची कड सुरीसारखी असते आणि ओठाच्या आतला भाग कानशीसारखा खरखरीत. लागला की पाण्याबाहेर उडी मारतो, तोंड उघडतो आणि डोकं झटकतो. त्या झटक्यात दोरा कल्ल्याच्या कडेवर आला की संपलं. म्हणून गळाच्या जवळची हातभर-दीड हात लांबी जाड ठेवायची, साठ-सत्तरची, आणि मागचा मुख्य दोरा पातळ. पुढची जाडी कल्ल्यांसाठी, मागची बारीक लांबी फेकण्यासाठी आणि प्रवाहासाठी. सुरमईला, म्हणजे आमच्या इसवणाला, तेवढंही पुरत नाही. तिचे दात कात्रीसारखे एकमेकांवर बसतात. होडीमागे आमिष ओढत जाताना गळाजवळ पोलादी तार लागते. तिथे नायलॉन वापरणं म्हणजे तिला जेवण वाढून हात जोडणं.

हे सगळं करता येतं कारण नायलॉन आहे. ते नव्हतं तेव्हा काय होतं हे आठवलं की हातातल्या स्वस्त रिळाकडे जरा आदराने बघावंसं वाटतं. आपल्या किनाऱ्यावर ताग आणि कापूस. पाण्यात कुजू नये म्हणून कोळी लोक जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवायचे आणि तरीही रोज वाळवावी लागायची. इंग्लंडात घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरा करायचे. आयझॅक वॉल्टनचं गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक १६५३ साली आलं, त्या काळात दोऱ्याची ताकद केसांच्या संख्येवर सांगत. एका केसावर मासा काढणाऱ्याचा हात मोठा मानत. पुढे स्पेनच्या मुर्सिया भागातून रेशीमकिड्याची तात येऊ लागली. कोश विणायच्या बेतात आलेली अळी शिर्क्यात बुडवायची, मग तिच्या पोटातली रेशमाची ग्रंथी काढून हाताने ताणायची. ती हवेत कडक होऊन एक पारदर्शक तंतू व्हायचा. लांबी मात्र त्या अळीच्या पोटात मावेल तेवढ्यातून निघेल तितकीच. तुकड्याला तुकडा जोडून, प्रत्येक जोडावर एक गाठ, आणि गरवण्याआधी तो भिजवायचा, नाहीतर वाळकी काडी मोडावी तसा मोडायचा.

अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन बनवलं. १९३७ मध्ये कॅरोदर्स यांनी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी कंपनीने नायलॉन जगापुढे आणलं तेव्हा ते नव्हते. आधी दातांच्या ब्रशचे केस, मग बायकांचे मोजे, मासेमारीचा दोराही त्याच सुमाराला, आणि लगेच युद्ध लागल्यावर पॅराशूट. हवी तितकी लांबी, जोड नाही, कुज नाही. गाठींचा सगळा जुना इतिहास एका अखंड तंतूने पुसून टाकला. फक्त दोन गाठी उरल्या, गळाची आणि शिशाची. त्यांच्याकडे नंतर वळतो.

नायलॉनचा गुण म्हणजे ते ताणतं. तुटायच्या आधी लांबीच्या पाव हिश्श्याएवढं वाढू शकतं. या ताणाला दुकानदार दोष म्हणून दाखवतात, कारण त्यांना शेजारच्या फळीवरचा महाग दोरा विकायचा असतो. पण ताण म्हणजे माफी. माशाने अचानक झटका दिला, आपला हात अर्धा क्षण उशिरा सैल झाला, तरी मधला दोरा तो झटका गिळतो. कटला-रोहूसारख्या मऊ ओठांच्या माशाला हे फार मोलाचं. पवईच्या तलावावर, जो १८९१ पासून मुंबईत आहे आणि जिथे मगरीही आहेत, कणकेचा गोळा टाकून तासन्‌तास बसणारे लोक नायलॉन सोडत नाहीत त्याचं कारण हेच. मोठा कटला खेचाखेचीत ओठ फाटून सुटतो. ताणणारा दोरा ओठ फाटू देत नाही.

महाग दोरा म्हणजे वेणीचा, ब्रेड. १९७९ मध्ये नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीतल्या पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी पॉलिथिलीनच्या अतिलांब रेणूंपासून तंतू ओढायची पद्धत शोधली. आपण भाजी आणतो त्या पिशवीचंच हे रसायन, पण रेणू एका दिशेत ओढून बसवल्यावर वजनाच्या मानाने पोलादाला मागे टाकणारं. चार किंवा आठ बारीक धाग्यांची वेणी. पातळ, पाण्यापेक्षा हलका म्हणून तरंगणारा आणि जवळजवळ न ताणणारा. चाळीस वाव खोलवर मासा आमिषाला नुसता नाकाने लागला तरी काठीच्या टोकाला कळतं. खोल समुद्रात धातूचं आमिष वरखाली नाचवणाऱ्यांसाठी ही वेणी दर दहा मीटरला रंग बदलते. किती रंग पाण्यात गेले ते मोजायचं, म्हणजे खोली कळते. अंदमानात मोठ्या ट्रेव्हली माशांसाठी जाणारे मराठी हौशी लोक आता कमी नाहीत. एका फटक्यात पोवळ्यांच्या खडकाकडे धावणाऱ्या त्या माशाला अडवायला याच वेणीची सगळ्यात जाड जात लागते.

पण ही वेणी मला आमच्या खडपावर नको असते. ताणलेल्या अवस्थेत ती कालवाच्या कडेला नुसती टेकली तरी तिचे धागे एकेक करून सुटतात, आणि पाहता पाहता सगळी जाते. जाड नायलॉन त्याच कडेवर घासत, खरचटत का होईना, वाट काढतो. शिवाय हाताने गरवणाऱ्याने ती वापरूच नये. आबांच्या बोटावरची ट्यूबची पट्टी तिने पहिल्या माशालाच कापली असती, आणि पट्टीखाली बोट असतं. म्हणून ज्याला वेणीचं ऐकणं हवं आणि नायलॉनचं सोसणंही हवं, तो मागे वेणी, पुढे दोन-तीन वाव नायलॉन असा जोड करतो. हल्लीच्या बहुतेक शहाण्या मांडण्या अशाच असतात. मुख्य दोरा ऐकणारा, पुढचा तुकडा सोसणारा, आणि तुटायची जागा त्या तुकड्याच्या टोकाशी.

फ्लुओरोकार्बनबद्दल थोडक्यात. जपानच्या कुरेहा कंपनीने तो १९७१ मध्ये आणला. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत तो पाण्याच्या जवळचा आहे : पाण्याचा आकडा १.३३, त्याचा १.४२, नायलॉनचा दीडच्या वर. म्हणून स्वच्छ पाण्यात तो कमी दिसतो. पाणी पीत नाही, जड असतो, खरचटणं चांगलं सोसतो. कडकही असतो आणि रिळाच्या वळणाची सवय सहज सोडत नाही. मालवणच्या किल्ल्याभोवती, पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावर, तळ दिसत असताना तो पैसे वसूल करतो. गढूळ खाडीत न दिसणारा दोरा घेणं म्हणजे अंधारात काळा चष्मा लावल्यासारखं आहे. तिथे तेच पैसे ताज्या कोळंबीवर घालवावेत. आणि डबीवर 'कोटेड' असा शब्द बारीक अक्षरात दिसला तर आत नायलॉनच आहे असं समजावं.

आता तुटण्याची हमी. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था १९३९ साली स्थापन झाली. माशांचे विक्रम नोंदवताना ती माशाच्या वजनाबरोबर दोऱ्याचा वर्गही नोंदवते : २ किलो, ४ किलो, ६, ८, १०, १५, २४, ३७, ६०. विक्रमाचा दावा करणाऱ्याला माशाबरोबर वापरलेल्या दोऱ्याचा तुकडाही पाठवावा लागतो. तो भिजवून, ताणून, तोडून बघतात. सांगितलेल्या वर्गाहून जास्त ताण त्याने सोसला तर त्या वर्गातला दावा गेला. म्हणून या खेळासाठी खास दोरे विकले जातात, ज्यांच्यावर कंपनी लिहून देते की हा दोरा अमुक किलोच्या आत तुटेल. बाजारात बाकी प्रत्येक वस्तू टिकण्याची हमी देते. हा एक माल तुटण्याची हमी देऊन जास्त किमतीला विकला जातो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही श्रीमंतांची तऱ्हा वाटली. आता तसं वाटत नाही. किती जोरावर तुटेल हे ज्याला नक्की माहीत आहे, त्याचा हात त्या जोराच्या अलीकडे राहायला शिकतो. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर लावायचा हा नियम तिथूनच आला. मासा त्यापेक्षा जोराने ओढू लागला की रीळ फिरतं आणि दोरा सुटत जातो. हरल्यासारखं वाटतं, पण मासा प्रत्येक हातावर थोडा दमत असतो. ज्याला दोऱ्याची ताकद माहीत नाही तो एकतर ब्रेक आवळून बसतो किंवा घाबरून सोडत जातो. स्वस्त रिळांवरच्या छापील आकड्यावर विश्वास नसल्यामुळे मी सामान तोलायचा हातातला काटा वापरतो. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं काट्याला, मध्ये तीच गाठ जी गळाला मारणार आहे, आणि सगळं आधी तासभर पाण्यात भिजवलेलं. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की कोरड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के दुबळं होतं. घरातल्यांनी या प्रयोगाला अजून नाव ठेवलेलं नाही, पण खिडकीला पडदा लावायचा विषय निघाला की माझ्याकडे बघतात.

न तुटणाऱ्या दोऱ्याचा अनुभव महाराष्ट्राला मासेमारीबाहेर आला आहे. तोच नायलॉनचा तंतू पतंगाला लावला की संक्रांतीच्या दिवसांत दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात आणि झाडांवर घारी-बगळे उलटे लटकतात. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत बातम्या येतातच. सुती मांजा काटला जायचा, फांदीला अडकून तुटायचा, एका पावसात कुजायचा. नायलॉनचा मांजा अडकला की जे अडकलं असेल तेच तुटतं. खडपावर सोडून दिलेला तंगूसही हेच करतो. मासा मेल्यावर तो खायला खेकडा येतो, खेकड्यामागे आणखी कोणी, आणि सगळे एकाच फाशात. म्हणून तुटका तंगूस बाटलीत कोंबून घरी आणायचा. यात उदात्त काही नाही, गरवणाऱ्याने आपला केर काढायचा एवढंच.

उलट एक जागा अशीही आहे जिथे दोरा निवडायचा प्रश्नच येत नाही. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं, एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं, त्यात महसीरला मोठा मान आहे. वाहत्या नदीत, दगडधोंड्यांतून पहिल्याच धावेत दीडशे मीटर दोरा नेणाऱ्या या माशासाठी जाड आणि लांब दोरा लागतो, हे सगळं खरं. पण महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला जाऊन बघा. वरदायिनी देवीचे मासे म्हणून गावाने ते राखलेले आहेत. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांब मासे पायऱ्यांशी येऊन तोंड उघडतात. तिथे उभा राहून मी बराच वेळ त्यांच्या ओठांकडे बघत असतो, आणि किती जाडीचा लागला असता हा हिशेब डोक्यात चालूच असतो. सवयी देवळाबाहेर ठेवता येत नाहीत.

राहिल्या गाठी. अखंड तंतूवर तुटायची जागा ठरवणारी गाठच असते. नीट मारलेली गाठ दोऱ्याच्या ताकदीचा बराचसा भाग राखते. वाऱ्याने आपोआप पडलेली साधी गाठ निम्मी ताकद खाऊ शकते, आणि ती तुम्हाला दिसतही नाही. म्हणून फेकण्याआधी दोरा बोटांतून फिरवायचा, नखाने खरवडून खाच लागते का बघायची. लागली की तेवढा भाग कापून टाकायचा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात ठेवलेलं रीळ घ्यायचं नाही. ऊन नायलॉनला आतून खातं आणि वरून ते तसंच चमकत राहतं. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कारण कोरडा दोरा स्वतःवर घासताना तापतो. वेणी तर दीडशे अंशांच्या आतबाहेरच वितळू लागते. तिची गाठ कोरडी ओढली तर बाहेरून घट्ट आणि आतून जळलेली. आबा गाठ तोंडात धरून ओली करायचे, दातांनी उरलेलं टोक कुरतडायचे. आता डॉक्टर दातांनी काही कुरतडू नका म्हणतात, त्यामुळे मी नखकटर ठेवतो.

गळाच्या गाठीवर मी दोऱ्याइतका वेळ घालवतो ते एका कारणाने. सगळं नीट झालं आणि तरीही मासा सुटून गेला, तर तो काय घेऊन जातो याचा विचार करायला हवा. हाताजवळ तुटलं तर वावांच्या वाव तंगूस त्याच्या तोंडातून ओढत जाणार. पहिल्या मुळाला, पहिल्या खडकाला तो बांधला जाणार आणि तिथेच मरणार. गळाजवळच्या गाठीत तुटलं तर त्याच्या ओठात फक्त एक गळ राहतो. साध्या कार्बन पोलादाचा गळ खाऱ्या पाण्यात गंजतो, काही काळाने झिजतो, आणि मासे तो बरेचदा टाकूनही देतात. चकचकीत स्टेनलेसचा गळ तसा जात नाही. तो जास्त टिकतो म्हणून दुकानदार पुढे करतात. मी साधा गंजणारा मागतो, काटा दाबून चपटा करतो, आणि गाठ अशी बांधतो की मुख्य दोऱ्याच्या आधी तीच सुटावी. दुकानदाराला हे गिऱ्हाईक विक्षिप्त वाटतं. तो एकदा म्हणाला, "साहेब, तुम्ही मासा पकडायला जाता की सोडायला?" मी त्याला पस्तीसच्या तंगुसाची दोन रिळं द्यायला सांगितली, आणि मागच्या फळीवरची, उन्हातली नव्हे.